सरकारी प्रयोगशाळेकडून तंत्रज्ञान घेतोय, सहीआधी काय विचारू?

डिंकवाला:
नमस्कार मंडळी. पॅकेजिंगसाठी लागणारा अडहेसिव्ह बनवायचा आमचा छोटा कारखाना आहे. एका सरकारी प्रयोगशाळेने पाण्यावरचा नवा अडहेसिव्ह काढलाय. नमुना लावून पाहिला, पकड उत्तम आहे. तिथल्या शास्त्रज्ञ मॅडम मोकळेपणाने बोलतात. पण आतापर्यंत सगळं १ लिटरच्या काचेच्या फ्लास्कमध्ये झालंय आणि माझा रिअ‍ॅक्टर १००० लिटरचा आहे. करारात लायसन्स फी आगाऊ, पुढे विक्रीवर रॉयल्टी. काय तपासू?

फाइलवाली ताई:
लायसन्स फक्त तुम्हाला की मागेल त्याला, हे आधी बघा. बहुतेक वेळा ते अनेकांना देता येईल असंच असतं. रॉयल्टी जीएसटी वगळून धरलीय ना? आणि पुढे तुम्ही प्रक्रियेत सुधारणा केलीत तर तिची मालकी कोणाची, हे लिहून घ्या. सीएसआयआर म्हणजे सरकारी प्रयोगशाळांची देशभरची परिषद. तिच्या बऱ्याच तंत्रज्ञानांचं लायसन्सिंग १९५३ पासून एनआरडीसी हे सरकारी महामंडळ करतं. तुमची प्रयोगशाळा त्यातली असेल तर तिथेही विचारा.

प्लांटकाका:
ताईंचं बरोबर आहे, पण खरं घोडं पेंड खातं ते रिअ‍ॅक्टरपाशी. माझी नोकरी अशाच इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात बारीक थेंब विखुरलेल्या मालाच्या, बॅचेस काढण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ लिटरवरून १००० लिटरवर गेलात, भांड्याची लांबी-रुंदीची प्रमाणं तीच ठेवलीत, तर माल हजारपट होतो आणि भिंतीचं क्षेत्रफळ फक्त शंभरपट. म्हणजे दर लिटरमागे उष्णता काढून घ्यायला जागा एक दशांश उरते. ही रिअ‍ॅक्शन स्वतःच तापते. फ्लास्क पाण्यात बुडवला की थंड होतो, तुमच्या जॅकेटला, म्हणजे भांड्याभोवती पाणी फिरवणाऱ्या कवचाला, ते झेपेल का?

दुसरं, मॅडमना विचारा की मोनोमर, म्हणजे ज्याचे रेणू जोडून अडहेसिव्ह बनतो तो कच्चा माल, शुद्ध करून वापरला का. ड्रममधून येणाऱ्या मोनोमरमध्ये, साठवणीतच त्याचे रेणू जोडले जाऊ नयेत म्हणून, इनहिबिटर (रोधक रसायन) घातलेला असतो. प्रयोगशाळेत तो बऱ्याचदा काढून टाकतात. तुम्ही ड्रममधला थेट सोडलात तर रिअ‍ॅक्शन उशिरा पेटते, तोवर आत मोनोमर साठत जातो आणि मग सगळी उष्णता एकदम येते. तापमान हाताबाहेर जातं. हे जिवावरचं आहे, हलक्यात घेऊ नका. पाण्याचंही तसंच. तिथे डिस्टिल्ड, तुमच्याकडे बोअरचं असेल तर क्षारांमुळे इमल्शन फुटून गुठळ्या होतात.

म्हणून करारात एकच गोष्ट हट्टाने घाला: मधल्या आकाराची, ५० लिटरच्या आसपासची बॅच तुमच्या कच्च्या मालावर, तुमच्या ऑपरेटरच्या हातून, त्यांच्या माणसासमोर. फीचा मोठा हप्ता ती बॅच पास झाल्यावरच.

माणूस सोबत येणं महत्त्वाचं. दुर्गापूरच्या सीएमईआरआय या सरकारी यंत्र-संशोधन संस्थेने ट्रॅक्टर विकसित केला, पण १९७४ मध्ये पंजाबात तो स्वराज म्हणून कारखान्यातून बाहेर पडला, कारण ज्यांनी तो घडवला त्यांच्यातले इंजिनीअर, चंद्रमोहन धरून, तिकडे गेले. नुसत्या ड्रॉइंगवर ते झालं नसतं.

डिंकवाला:
काका, इनहिबिटरचं डोक्यातच नव्हतं. पण एवढ्या अटी घातल्या तर मॅडमना अविश्वास वाटणार नाही ना? संबंध चांगले आहेत.

प्लांटकाका:
उलट. आपलं काम बाजारात जावं असं त्यांनाही वाटत असतं, मोठ्या बॅचचे आकडे त्यांनाही हवे असतात. अटी मांडण्याआधी त्यांना एकदा कारखान्यात बोलवा. जॅकेटला पाणी कुठून येतं, स्टिररचा वेग किती, मोनोमर कसा सोडता, सगळं दाखवा. आणि उन्हाळ्यात तुमच्या कूलिंग टॉवरचं पाणी किती अंशावर असतं ते इथे टाका, मी हिशेब करून बघतो.