डांग्या खोकला: मुलीसोबत आई-वडिलांनीही प्रतिजैविक का घ्यायचे?

प्रश्न
आमच्या सहा वर्षांच्या मुलीला डांग्या खोकला असल्याचे पीसीआर तपासणीत निश्चित झाले. तिचा अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स काल पूर्ण झाला. परंतु खोकला सुरू होऊन दोन आठवडे उलटले तरी रात्रीच्या उबळी आणि त्यानंतरची उलटी थांबलेली नाही. हेच औषध डॉक्टरांनी आमच्या पाच आठवड्यांच्या बाळाला आणि आम्हा दोघांनाही लिहून दिले आहे. बाळाला ते सुरू केले आहे. आम्हाला मात्र खोकला नसल्यामुळे आम्ही गोळ्या घेतलेल्या नाहीत. त्या खरोखर आवश्यक आहेत का, आणि मुलीसाठी अधिक प्रभावी औषध मागावे का?

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ)
आपण दोघांनी कृपया आजच औषध सुरू करावे. घरातील रुग्णाचा खोकला सुरू झाल्यापासून 21 दिवसांच्या आत ते घेतले तर त्याचा उपयोग होतो, आणि आपल्याकडे आता थोडेच दिवस उरले आहेत. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला साधारणपणे आठवडा ते दहा दिवस लागतात आणि सुरुवातीला फक्त सर्दी वाटते. त्याच काळात हा आजार सर्वाधिक पसरतो. लहानपणी घेतलेल्या लशीचे संरक्षण काही वर्षांत ओसरत असल्यामुळे मोठ्या माणसांनाही तो होतो. मला खरी काळजी बाळाची आहे. इतक्या लहान बाळांना पुष्कळदा खोकला येतच नाही. श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे पडतात. असे दिसल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. एक महिन्याच्या आतील बाळांना एरिथ्रोमायसिनपेक्षा अझिथ्रोमायसिन देणे पसंत केले जाते, कारण एरिथ्रोमायसिनमुळे जठराचे आतड्याकडील तोंड अरुंद होण्याचा धोका वाढतो. हा धोका अझिथ्रोमायसिननेही पूर्णपणे टळत नाही, म्हणून आपल्या बाळाला दूध पाजल्यावर जोराची उलटी होऊ लागली तर लगेच कळवावे.

मुलीचे औषध वाया गेलेले नाही. ते जंतू मारते. परंतु जंतूंच्या विषामुळे श्वासनलिकेच्या आतील अस्तराला झालेली इजा भरून यायला कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर उबळी येतच राहतात. पाच दिवसांचे औषध पूर्ण झाल्यावर ती इतरांना संसर्ग देत नाही असे मानले जाते. केवळ खोकला उरला म्हणून दुसरे प्रतिजैविक देण्याचे कारण नाही. ताप आला किंवा उबळ नसतानाही धाप लागली, तर मात्र पुन्हा तपासणी हवी.

प्रतिसाद २
आमच्या घरी दोन्ही मुलांना हा आजार झाला होता, म्हणून एवढेच सुचवते की मुलीला एका वेळी पोटभर जेवू न घालता थोडे थोडे, आणि शक्यतो उबळ येऊन गेल्यावर भरवावे, म्हणजे उलटी झाली तरी सगळे अन्न वाया जात नाही. उदबत्ती, धूप आणि फोडणीचा धूर यांपासून तिला दूर ठेवावे. औषधाच्या दुकानातून स्वतःहून खोकल्याचे सिरप आणू नये; आमच्या मुलांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. माझ्या पतींना हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी गोळी सुरू आहे. त्यांनीही अझिथ्रोमायसिन घ्यावे का?

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ)
त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पहिली गोळीही घेऊ नये, कारण या गटातील औषधांनी ठोक्यांची लय आणखी बिघडू शकते. आजच फोन करावा. त्यांच्यासाठी कोट्रायमोक्साझोल या वेगळ्या गटातील प्रतिजैविकाचा पर्याय असू शकतो. तो 14 दिवस घ्यावा लागतो आणि त्याचा निर्णयही तेच डॉक्टर करतील. दोन महिन्यांखालील बाळाला आणि त्याला अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र ते औषध देत नाहीत; त्यामुळे आपण स्वतः अझिथ्रोमायसिनच घ्यावे. डांग्या खोकल्यापासूनही संरक्षण देणारी बाळाची पेंटाव्हॅलेंट लस सहाव्या आठवड्यात आहे. तिची तारीख चुकवू नये.