स्क्रीन रीडर वापरता? मग ब्राउझर कोणता, आणि तोच का?

पाऊलवाट (धागाकर्ती)

ओळखीतल्या कुणी नवा संगणक घेतला की मला हमखास विचारतात, "ब्राउझर कुठला टाकू?" मी उलट विचारते, "वाचून कोण दाखवणार?" म्हणजे स्क्रीन रीडर, न पाहणाऱ्याला पडदा बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, कोणता? एनव्हीडीए, जॉज, नॅरेटर, व्हॉइसओव्हर, ऑर्का... यातलं एक नाव आलं की मगच पुढचं बोलता येतं. पानावर काय काय आहे हे ब्राउझर सांगतो आणि स्क्रीन रीडर ते बोलून दाखवतो. त्या दोघांचं जमलं नाही की आपली पंचाईत. म्हणून "सगळ्यात भारी ब्राउझर कोणता" या भांडणात मला रस नाही. तुमची जोडी कोणती, कशी जमली, कधी मोडली, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. एनव्हीडीए आणि क्रोम, अडीनडीला फायरफॉक्स. ही अडीनडीची सोय एका अर्जाने शिकवली. मुदतीचा शेवटचा दिवस, सगळं भरून झालेलं आणि जन्मतारखेपाशी गाडी अडली. कॅलेंडर उघडायचं, बाण दाबले की नुसतं "रिकामं, रिकामं". पाऊण तास त्यातच गेला. मग तेच पान दुसऱ्या ब्राउझरात उघडलं, तर तारीख सरळ टाइप करता आली! चूक पानाची होती की ब्राउझरची, हे शोधायला तेव्हा वेळ नव्हता आणि नंतर उत्साह नव्हता.

नवखी

माझी नजर जाऊन दोनच वर्षं झाली, त्यामुळे हसू नका. शोधाच्या चौकटीत काहीतरी टाइप करायला जावं आणि एनव्हीडीएने भलतंच काही वाचत सुटावं, असं आठवडाभर चाललं होतं. मला वाटलं ब्राउझर बिघडलाय. दुसरा टाकला, तिसरा टाकला. तिन्हीकडे तेच.

मग एकाने फोनवर समजावलं. पान वाचताना आपण ब्राऊज मोडमध्ये असतो. तिथे अक्षरं उमटत नाहीत, उड्या मारतात. एच म्हणजे पुढचं हेडिंग, के म्हणजे लिंक, बी म्हणजे बटण, टी म्हणजे तक्ता, ई म्हणजे लिहायची चौकट. शिफ्टसकट दाबलं की मागे. लिहायचं असेल तर चौकटीवर एंटर, किंवा एनव्हीडीए कळ (सहसा इन्सर्ट) आणि स्पेस, म्हणजे फोकस मोड. मोड बदलताना आवाजही वेगळा येतो, तो मी इतके दिवस खटखट समजून सोडून देत होते.

तिन्ही ब्राउझर अजून आहेत. काढायला जीव होत नाही.

जुनी कळ

@नवखी, हसणार कोण? आम्ही सगळे त्याच शाळेतले.

माझी पहिली जोडी जॉज आणि इंटरनेट एक्स्प्लोरर. जॉज मुळात १९८९ मध्ये डॉससाठी आलेलं. मी पुष्कळ नंतर आलो, विंडोजवर. दुसऱ्या ब्राउझरचा विचारही मनात येत नसे. १५ जून २०२२ ला एक्स्प्लोरर ११ निवृत्त झाला तेव्हा मी आधीच हललो होतो, पण माझ्या बोटांना त्याची बातमी बरीच उशिरा लागली.

फायरफॉक्सबद्दल अजून जुने सल्ले फिरतात, म्हणून थोडा इतिहास. एनव्हीडीएचं काम २००६ मध्ये सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं "एनव्हीडीए म्हणजे फायरफॉक्स" हे समीकरण होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली. पानं आता वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मुख्य भागापासून तुटक, राहू लागली आणि स्क्रीन रीडरला प्रत्येक बारीकसारीक गोष्ट विचारायला त्या भिंतीपलीकडे हेलपाटा पडू लागला. मोठी पानं रेंगाळू लागली. जॉजवाल्यांपैकी अनेकजण लांब मुदतीच्या ५२व्या आवृत्तीवरच थांबले. पुढे हा सगळा भाग नव्याने लिहिला गेला. पानाची माहिती भिंतीच्या अलीकडच्या बाजूलाच साठवून ठेवायची, म्हणजे हेलपाटाच नको. मे २०२३ मधल्या ११३व्या आवृत्तीपासून तो सर्वांसाठी चालू झाला. तेव्हा "फायरफॉक्स स्क्रीन रीडरला हळू असतो" हे २०१८ सालचं वाक्य आता कुणाच्या गळ्यात मारू नका.

आकडे हवे असतील तर वेबएम या वेब सुलभतेवर काम करणाऱ्या संस्थेचं स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचं सर्वेक्षण आहे, डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मधलं, १,५३९ उत्तरांचं. मुख्य ब्राउझर म्हणून क्रोम ५२.३ टक्के, एज १९.३, फायरफॉक्स १६. स्क्रीन रीडरमध्ये जॉज ४०.५ आणि एनव्हीडीए ३७.७. गर्दी जिकडे तिकडे जावं असं नाही, पण गर्दीचा एक फायदा नक्की असतो: पानं बनवणारे निदान तिथे तरी तपासून बघतात.

टिचकी

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सगळ्यांच्या पोटात क्रोमियमच, म्हणजे पान उभं करणारं इंजिन एकच. त्यामुळे एकात पान गप्प बसलं तर दुसऱ्यात ते बोलेल ही आशा फारशी धरू नये. पर्यायी ब्राउझर ठेवायचाच तर वेगळ्या इंजिनाचा ठेवा.

फरक पडतो तो पानाबाहेरच्या भागात: मेनू, सेटिंग, डाउनलोडची सूचना. फायरफॉक्समध्ये नुसतं ऑल्ट दाबलं की जुन्या पद्धतीचा मेनू येतो, मी त्यासाठीच तिथे टिकलो. आणि एफ६ विसरू नका. पान, पत्त्याची पट्टी, टॅब असं फिरता येतं.

सफरचंद

मॅकवर मला निवडीचा ताप नाही, व्हॉइसओव्हर आणि सफारी. पण सुरुवातीला टॅब दाबलं की लिंक वगळून ते भलतीकडेच जायचं. महिनाभर मी पानं बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. सफारीच्या सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड भागात, टॅबने पानावरच्या प्रत्येक गोष्टीवर जावं अशी एक खूण असते, ती आपणच करायची. शिव्या परत घेतल्या, बहुतेक.

हेडिंग नि लिंकांची यादी हवी असेल तर कंट्रोल, ऑप्शन आणि यू. आयफोनवर तेच काम दोन बोटं फिरवून रोटरने होतं. तिथे युरोपीय संघ आणि जपान सोडून बाकी सगळीकडे ब्राउझरांना सफारीचं इंजिन, वेबकिटच वापरावं लागतं, तेव्हा पान वाचण्यात फार फरक शोधू नका.

थोरला

माझं डोळ्यांनी चालतं, बाबांचं आता चालत नाही. वय ७४. मी हौसेने त्यांच्या संगणकावर तीन ब्राउझर, दोन स्क्रीन रीडर, शॉर्टकटची मोठी यादी असं सगळं मांडून ठेवलं. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "अरे, मला बातम्या ऐकायच्यात, परीक्षा द्यायची नाहीये."

आता एकच ब्राउझर, एज. लेख उघडायचा, एफ९ ने इमर्सिव्ह रीडर, म्हणजे जाहिराती आणि बाजूच्या पट्ट्या गायब. मग कंट्रोल शिफ्ट यू, की ते मोठ्याने वाचायला लागतं. मराठीत आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत. बाबांना मनोहर पसंत. सगळ्याच पानांवर एफ९ चालत नाही, मग ते मला हाक मारतात.

जुनी कळ

@थोरला, छानच, पण वाचणाऱ्यांचा घोळ नको: ते मोठ्याने वाचणं म्हणजे स्क्रीन रीडर नव्हे. लेख ऐकता येतो, पण बटण कुठे आहे, चौकट रिकामी आहे की भरलेली, हे ते सांगत नाही. बाबांना अर्ज भरायची वेळ आली की विंडोजमधला नॅरेटर लागेल. कंट्रोल, विंडोज आणि एंटर. एजबरोबर त्याचं बरं जमतं.

सहा ठिपके

मी ऐकत नाही, ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे वर-खाली होणाऱ्या ठिपक्यांच्या पट्टीवर, बोटांनी वाचते. माझा निकष एकच: पान आपोआप ताजं झालं की बोटाखालची ओळ जागेवर राहते का. कुठल्याही ब्राउझरात काही पानं ती हलवतातच. वाक्य अर्धं वाचून झालेलं असतं आणि बोटाखाली दुसरंच काही येतं. उपाय सापडला तर मला कळवा.

रात्रपाळी

मी पानं बनवतो, त्यामुळे या धाग्यावर आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. आमच्याकडे क्रोममध्ये माउसने चाललं की "झालं" म्हणायची पद्धत होती. एकदा हट्टाने पडदा बंद करून एनव्हीडीएने स्वतःचंच पान वापरून पाहिलं. "बटण. बटण. बटण." मीच लावलेली तीन चिन्हं, एकालाही नाव नव्हतं. ब्राउझर नावं कुठून आणणार? तेव्हापासून एनव्हीडीए क्रोम आणि फायरफॉक्स अशा दोन्हींबरोबर, शिवाय व्हॉइसओव्हर सफारीबरोबर तपासतो. वेळ लागतो, कुरकुर होते.

मराठी पानांचंही सांगतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं लिहिलं नाही, तर स्क्रीन रीडरला आवाज बदलायचं कळत नाही. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी येतं, पण त्याला कुणी सांगायला तर हवं! हे काम ब्राउझर बदलून होत नाही. एनव्हीडीएच्या स्पीच सेटिंगमध्ये भाषा आपोआप बदलण्याची खूण आहे, ती काढलेली नाही ना एवढं बघा.

नवखी

बघितलं. काढलेली होती. मीच काढली असणार, त्या तीन ब्राउझरांच्या आठवड्यात.