मदत हवी आहे: याक्विना हेड दीपगृह, आरव्ही आणि ओहोटी
नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन आरव्हीने (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीने) अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्याने निघतोय. न्यूपोर्टजवळचं याक्विना हेड दीपगृह बघायचंच आहे. १८७३ साली उजळलेलं, ९३ फूट उंच. पण जीव अडकलाय तो खालच्या काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यात. मागच्या वेळी भरती होती. लाट मागे सरली की गोटे खळखळ वाजायचे, आणि समोरच्या खडकावर सीलचं पिल्लू आईला चिकटून पडलेलं. दुर्बीण नव्हती, ती रुखरुख अजून आहे.

खडकांतली डबकी बघायला ओहोटीच्या किती आधी पोहोचावं? ३० फुटी गाडी वर लावता येते का? बाबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या झेपतील? आणि पिल्लांसह उत्तरेकडे निघालेले करडे देवमासे वरूनच दिसले आहेत का कुणाला?