कुत्र्यांच्या निवारा केंद्रासाठी नागरिकांची समिती: निवेदनात नेमकं काय मागायचं?

जाधववाडीची_सूनबाई

नमस्कार मंडळी. आमच्या कोल्हापुरातल्या कॉलनीत मटणाच्या दुकानामागं कुत्र्यांची टोळी जमते. सकाळी शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी पोरं नेमकी तिथंच उभी असतात. निम्मी कॉलनी म्हणते सगळी उचलून न्या. उरलेली निम्मी, त्यात आमच्या सासूबाई पुढं, रोज संध्याकाळी दूध-भाकरी घालते. परवाच्या बैठकीत आवाज भरपूर चढले, पण शेवटी एका गोष्टीवर एकमत झालं. महापालिका निवारा केंद्राचं नियोजन करेल तेव्हा नागरिकांची सल्लागार समिती नेमावी, असं निवेदन द्यायचं. मसुदा माझ्या गळ्यात पडलाय आणि "समिती नेमावी ही नम्र विनंती" याच्यापुढं गाडी सरकत नाही. अशी समिती कायद्यात बसते का? तिनं करायचं काय?

पेठेतला_पैलवान

वहिनी, समिती म्हंजे चहा, बिस्किटं आणि पेपरात फोटो. नांदणीच्या मठातनं वनताराला नेलेल्या माधुरी हत्तिणीसाठी नांदणीपास्नं कलेक्टर हापिसापर्यंत माणसं चालत आली, ती कुठल्या समितीनं बोलावली होती व्हय? गल्लीतल्या कुत्र्यासाठी मात्र कोण चालत न्हाई बगा. माणसं गोळा करा, मग बोला.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

पैलवान, मोर्चानं जनावर परत आणायची मागणी होते, पिंजरे किती बांधायचे ते ठरत नाही.

सूनबाई, कायद्यात समिती आहेच. प्राणी जन्म नियंत्रण नियम १० मार्च २०२३ ला निघाले, २००१ चे जुने गेले. त्यानुसार महापालिकेच्या पातळीवर देखरेख समिती असते. आयुक्त अध्यक्ष, सोबत आरोग्य आणि पशुसंवर्धनची माणसं, जिल्हा एसपीसीएचा (प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेचा) प्रतिनिधी आणि प्राणी कल्याण संस्थांचे किमान दोघं. ज्याच्या दारात कुत्री आहेत त्या साध्या रहिवाशाला त्यात खुर्ची नाही. तुम्ही नुसतं "समिती नेमा" लिहिलंत तर "समिती अस्तित्वात आहे" एवढं उत्तर येईल आणि फाइल बंद. त्यापेक्षा असं लिहा की या समितीच्या बैठकीला प्रभागातले दोन रहिवासी कायम निमंत्रित असावेत, एक तक्रार करणारा आणि एक खाऊ घालणारा. आणि इतिवृत्त वेबसाइटवर टाकावं.

खाऊ घालणारा म्हणून तुमच्या सासूबाईच घाला. थट्टा करत नाही. त्यांच्या हाकेला कुत्रं येतं. गाडीवाल्यांना जाळं घेऊन गल्लीभर पळावं लागत नाही, आणि कोणती मादी गाभण आहे हे त्या गाडी यायच्या आधीच सांगतात.

कॉलनीला एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाप्रमाणे गल्लीतलं कुत्रं निर्बीजीकरण आणि लसीकरण करून जिथून उचललं तिथंच सोडायचं. अपवाद रेबीजची लागण किंवा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा. शाळा, दवाखाने, क्रीडांगणं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री परत तिथं सोडायची नाहीत, निवाऱ्यात ठेवायची, हा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश. म्हणजे केंद्रात दोन प्रकारची कुत्री येणार, चार दिवसांचे पाहुणे आणि जन्माचे रहिवासी. दोघांना एकाच पिंजऱ्यांच्या रांगेत घातलं तर रहिवासी जागा अडवून बसतात आणि निर्बीजीकरण आपोआप थांबतं. माझ्या मते निवेदनातली सगळ्यात मोठी मागणी हीच, दोन्हींचे पिंजरे वेगळे आणि आकडेही वेगळे.

राजारामपुरी_ते_ऑस्टिन

मी मूळची राजारामपुरीची, सध्या टेक्सासात. इथल्या राज्याच्या कायद्यातच निवारा केंद्राला सल्लागार समिती सक्तीची आहे (लहान काउंट्यांना सूट आहे). तीत किमान एक पशुवैद्य, एक सरकारी किंवा नगरपालिकेचा अधिकारी, केंद्राचं रोजचं काम बघणारा एक माणूस आणि प्राणी कल्याण संस्थेचा एक प्रतिनिधी. वर्षातून किमान तीन बैठका. रोजचं काम बघणारा माणूस समितीत आहे हे मला फार आवडतं, कारण पिंजरा धुणाऱ्यांपर्यंत त्याची ओळख असते. ऑस्टिन शहराचं वेगळं प्राणी सल्लागार मंडळही आहे. बरी होणारी जनावरं मारायची नाहीत, हे धोरण शहरानं २०१० मध्ये घेतलं. पण तेवढ्यानं जागा वाढली नाही. २०२२ मध्ये केंद्र इतकं भरलं की नवीन जनावरं घेणं थांबवावं लागलं. काकांचा पिंजऱ्यांचा मुद्दा इथं डोळ्यांनी बघितलाय.

जाधववाडीची_सूनबाई

काका, सासूबाई तयार आहेत. अट एकच, बैठक संध्याकाळी नको, ती भाकरीची वेळ. पण पिंजरे पुरेसे आहेत का, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं? आणि जागेचं काय मागायचं?

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

हिशेब सोपा आहे. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस ठेवावं लागतं. त्याआधी पकडल्याचा दिवस आणि उपाशी ठेवायची रात्र. एका कुत्र्याला सहा दिवस धरा, म्हणजे एका पिंजऱ्यातून महिन्याला पाच कुत्री. तीस पिंजरे असतील तर दीडशे, तेही एकही दिवस वाया गेला नाही तर. कुणी तीस पिंजऱ्यांवर महिन्याला चारशेचा वायदा करत असेल, तर टाके ओले असतानाच सोडणार हे धरून चाला.

झालेलं काम मोजायची सोय नियमातच आहे. काढलेले अवयव फॉर्मलिनमध्ये जपायचे आणि समितीनं मोजायचे. बरणीचं झाकण उघडलं की वासानं डोळ्यांत पाणी येतं. माद्यांचं गर्भाशय अंडाशयासकट बाहेर काढून ट्रेमध्ये ओळीनं मांडतात. नरांचं मोजताना एका कुत्र्याचे दोन वृषण, म्हणून आकडा निम्मा करायचा. एवढं साधं, पण बिलावर सही करण्याआधी कुणीतरी उभं राहून मोजायला पाहिजे. तुमचे निमंत्रित त्या मोजणीला हजर राहतील, असं लेखी मागा.

आता जागा. आपल्याकडं रिकामी आणि स्वस्त जागा बघायला गेलं की पाय नदीकाठालाच वळतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. तेव्हा घराघरातनं माणसं काढताना बोटी पुरत नव्हत्या, कुलपातल्या कुत्र्यांकडं कोण जाणार होतं? जागेचा रि.स. नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) मागून घ्या आणि पूररेषेच्या नकाशावर ताडून बघा. नकाशात लाल रेषेच्या आत असेल तर नकार द्या, कितीही फुकट मिळू दे.

आजारी कुत्र्यांची खोली वेगळी आणि तिचं दारही वेगळं पाहिजे. पार्वो या कुत्र्यांच्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू फरशीवर महिनोन् महिने टिकतो, नुसत्या झाडलोटीनं जात नाही. फरशीला गटाराकडं उतार नसेल तर धुतलेलं पाणी शेजारच्या पिंजऱ्यात जातं. नकाशे मंजूर होण्याआधी हे बघायला मिळालं तर फुकटात दुरुस्त होतं, नंतर फोडाफोडी.

पेठेतला_पैलवान

काका, ट्रेचं वाचून आजचा तांबडा-पांढरा बोंबलला. पण मुद्दा पटला. वहिनी, निवेदन द्यायला जाताना सांगा, तालमीची धा पोरं घिऊन येतो. फोटोला न्हाई.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

या. पोच घेतल्याशिवाय मात्र हलू नका, आवक क्रमांक आणि शिक्क्यासकट. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर त्या क्रमांकावर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात पिंजऱ्यांची संख्या, मागच्या बैठकीचं इतिवृत्त आणि अवयव मोजणीची नोंदवही, एवढं तीनच मागा. जास्त मागितलं की उत्तर गोल येतं.