मदत हवी आहे: चर्च टॅक्स, मामा आणि युरोपचा ऱ्हास

मंडळी, आम्ही वसईचे कॅथलिक, सध्या श्टुटगार्टला. पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना होता, मी कॅथलिक लिहून मोकळा झालो आणि पहिल्या पगाराच्या स्लिपवर बघतो तर चर्च टॅक्स कापलेला! इन्कम टॅक्सच्या ८ टक्के (जर्मनीत बऱ्याच ठिकाणी तर ९). आणि गोळा करतं सरकारच. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार घटनेतल्या (म्हणजे तेव्हाच्या राज्यघटनेतल्या) एकाच कलमात राज्याचं चर्च नसेल असंही आहे आणि चर्चला कर घेता येईल असंही, ते कलम आजही लागू.

मामा फोनवर म्हणतो, सेक्युलर सरकारांनी देव हाकलला म्हणून युरोप बुडाला. रविवारी मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) बघतो तर वीसेक म्हातारी माणसं, घरी वसईला तर बाहेर चपलांजवळ उभं राहावं लागतं, त्यामुळे लगेच खोडताही येत नाही. पण मग इंग्लंडचं काय? तिथे राजाच चर्चचा प्रमुख, २६ बिशप वरच्या सभागृहात, तरी इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणणारे २०११ ला ५९.३ टक्के होते ते २०२१ ला ४६.२. उलट अमेरिकेत १७९१ पासून केंद्र सरकारला अधिकृत धर्म ठरवायला बंदी आणि चर्चला जाणारे युरोपपेक्षा जास्त. मला तर सरकार चिकटलं की श्रद्धा सुस्तावते असं वाटतं, मामाला हे कसं पटवू?

दुसरं म्हणजे, टॅक्स नको म्हणून चर्चमधून नाव काढलं तर इथल्या बिशपांच्या २०१२ च्या आदेशाप्रमाणे कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) बंद, गॉडफादर होता येत नाही. बायको धास्तावलीये. कुणी नाव काढलंय का? वसईच्या पॅरिशमध्ये काही अडलं का नंतर?