मदत हवी आहे : गावाचा इतिहास लिहायचाय, पण गावाची माणसंच मोजता येईनात

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातलं एक लहान गाव. नाव मुद्दाम धाग्यात लिहीत नाही, भावकीतली निम्मी मंडळी इथे वाचनमात्र असतात. मदत करणाऱ्यांना व्यनितून (खाजगी निरोपातून) कळवतो.

आमच्या मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाला यंदा पंचाहत्तर वर्षं होतायत, स्मरणिका काढायची ठरलीय. मी बँकेत आहे म्हणजे मला लिहिता येत असणार, असा सगळ्यांचा समज. त्यामुळे ‘गावाचा इतिहास व लोकसंख्या’ ही चार पानं माझ्या गळ्यात पडलीत. गणपतीच्या आधी छापखान्यात द्यायची आहेत.

पहिल्यांदा १८८०चं गॅझेटियर बघितलं, दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी. राजापूरवर भरपूर मजकूर आहे, इंग्रजांची वखार, १६६१ची शिवाजी महाराजांची स्वारी, गंगा, गरम पाण्याचा झरा. आमचं गाव नाही. बंदर नाही, किल्ला नाही, साहेब उतरेल असा बंगला नाही, मग कोण लिहिणार? मग जुने सातबारे काढले. त्यात आमच्या लोकांची नावं ठळक दिसायला लागतात ती कूळ कायद्यानंतर, म्हणजे १ एप्रिल १९५७च्या पुढे. त्याआधी जमीन खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, आणि कसणारे आम्ही. एका कार्यालयात त्यामागचे कागद मागितले, तर कारकुनाने कपाटाकडे बोट दाखवून “वाळवी” एवढंच म्हटलं. देवळामागे दोन वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड. त्यांचा फोटो छापावा म्हटलं, तर गेल्या वर्षी आमच्याच मंडळाने जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांना चंदेरी ऑइलपेंट फासलाय. हे स्मरणिकेत येणार नाही.

खरा घोळ लोकसंख्येचा. २०११च्या जनगणनेत गाव चारशेच्या आत आहे. पण आमची लालबागची गावकीची खोली तुम्ही बघायला हवी होती. दहा बाय बाराची. एके काळी पाळ्या लावून वीस-बावीस बाप्ये तिथे झोपायचे. एक पाळी गिरणीत, एक जमिनीवर, एक बाहेर व्हरांड्यात. आता चौघं असतात. चाळ पुनर्विकासात जातेय म्हणून माळा रिकामा केला, तर पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्यात वर्गणीच्या वह्या. नाव, वाडी, गिरणी, खातं, जमा. एका माणसापुढे ‘गावी गेला’, खाली वेगळ्या शाईत ‘परत आला’, मग पुन्हा ‘गावी गेला’, पुढे रकाने कोरे. १९८२च्या वहीत तर जानेवारीनंतर पानभर उभा एकच शब्द, ‘संप’. रुपये-पैशांचा हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या माणसाने दुसरं काहीही लिहिलेलं नाही.

या वह्यांतली नावं गावातल्या शिरगणतीत धरायची की नाही? तेच विचारायचंय. शिवाय जुने गाववार आकडे मुंबईत बसून कुठे मिळतील? आणि सगळ्यात जुन्या वहीची पहिली अकरा पानं मोडी लिपीत आहेत. आमच्यात कुणालाच वाचता येत नाहीत.

आंबोळी
पाटी अशी लावा : लोकसंख्या चारशे, शिमग्याला हजार, गणपतीत मोजू नये.

जुनी प्रगणक
दादा, मी शिक्षिका होते. २००१ आणि २०११, दोन्ही जनगणनांना घरोघर फिरले आहे, तेव्हा यावर थोडं अधिकाराने बोलते.

२०११ला गणना ९ ते २८ फेब्रुवारी झाली आणि १ मार्चच्या मध्यरात्रीचा क्षण धरून आकडे पक्के केले. जो माणूस एरवी जिथे राहतो तिथे तो मोजायचा. गणनेचा सगळा काळ जो बाहेर आहे, तो त्या घरात धरायचा नाही. म्हणजे तुमचे लालबागचे लोक मुंबईतच मोजले गेले. त्या वर्षी होळी १९ मार्चला होती, आम्ही वह्या जमा केल्यावर लोक पालखीला आले! म्हाताऱ्या बायका हमखास सांगायच्या, “माझे चार झील (मुलगे) लिव.” कुठे आहेत विचारलं की मुंबई. नाही लिहिता येत म्हटल्यावर एका आजींनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

म्हणून जिल्ह्याचे आकडे असे दिसतात. २००१ला रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती, २०११ला १६,१५,०६९. आणि हजार पुरुषांमागे बायका ११२०च्या वर. हे नवं नाही, १८८१च्या शिरगणतीतच मुंबईत राहणारे रत्नागिरीचे लोक लाखाच्या वर होते. मुलींचं प्रमाण चांगलं म्हणून कुणी टाळ्या पिटल्या तर त्याला तुमच्या ट्रंकेतल्या वह्या दाखवा.

आणखी एक. जनगणनेत महसुली गाव मोजतात, वाडी नाही. तुमच्या वाडीच्या नावाने शोधलंत तर सापडणार नाही, आणि ग्रुप ग्रामपंचायत (दोन-तीन गावांची मिळून एक) असेल तर पंचायतीचा आकडा वेगळाच येईल. एकाच नावाची गावंही चार तालुक्यांत निघतात, त्यामुळे तालुका आणि २०११चा सहा आकडी गावकोड ताडून बघा. गाववार आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत असतात. या पुस्तिका १९५१पासून आहेत, जुन्यांच्या स्कॅन प्रती जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. रत्नागिरीची बघताना लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला, त्यामुळे जिल्ह्याच्या जुन्या बेरजा आजच्यांशी जुळायच्या नाहीत. गावाचा आकडा मात्र जुळवता येतो. २०११नंतर गणनाच झालेली नाही, २०२१ची करोनाने राहिली, आता संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यामुळे ‘आजची लोकसंख्या’ असं छापू नका, साल घाला.

दप्तरी
मोडी पानांचा फोटो टाका, जमेल तेवढं वाचतो. वर्गणीची वही असेल तर आकडे आणि नावं वाचणं तितकं अवघड नसतं, मायना मात्र दमवतो.

आकड्यांपेक्षा माणसं हवी असतील तर तीन ठिकाणं. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, त्यात जन्म-मृत्यू असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात चौकशी करा. कुणबी दाखल्यांच्या शोधात ही बुकं अलीकडे बरीच हाताळली गेलीत, त्यामुळे “वाळवी” हे उत्तर एकदा ऐकून परत फिरू नका. दुसरं, जिल्हा परिषदेच्या शाळेचं जनरल रजिस्टर. तिसरं, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळी. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घरचा कोण कधी येऊन गेला ते निघतं.

मुंबईत काळ्या घोड्याला एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख विभाग आहे. महसूल खात्याचे जुने कागद तिथे बघायला मिळतात, पण आधी अर्ज, ओळखपत्र आणि वेळ घेऊन जा. खोतीवर एक परिच्छेद घ्याच. १९३७ला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ला. तुमच्या सातबाऱ्याची गोष्ट तिथून सुरू होते.

सड्यावरचा
सगळेच खोत वाईट नव्हते, हेही लिहा.

धागाकर्ता
सड्यावरचे, आमच्याकडचे होते. स्मरणिकेत नाव न घेता लिहीन, कारण त्यांचे नातू मंडळाचे देणगीदार आहेत.

ताई, वाडीचंच झालं होतं! पाटीवर जे नाव आहे ते वाडीचं, महसुली गावाचं नाव आमच्या बोलण्यात कधी नसतंच. दोन दिवस मी शेजारच्या तालुक्यातल्या भलत्याच गावाची लोकसंख्या घेऊन बसलो होतो.

शनिवारी तुतारी एक्स्प्रेसने गावी जाऊन आलो. शाळा पटाअभावी बंद व्हायच्या बेतात आहे, पण गुरुजींनी रजिस्टर काढून दिलं. शेवटचा रकाना ‘शाळा सोडल्याचे कारण’. पानामागून पान, ‘मुंबईस गेला’. मध्येच एखादा ‘मयत’, मुलींपुढे ‘गैरहजर’ नाहीतर ‘घरकाम’. त्यात आजोबांचं नाव मिळालं, तिसरीतून कमी केलेलं, कारण तेच. त्यांचंच नाव वाडीसकट दुसऱ्या वर्गणीच्या वहीत आहे, चार आणे जमा. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी छापणार आहे. लोकसंख्येचं कोष्टक १९५१ ते २०११ असं साल घालून देतो आणि त्याखाली मुंबईच्या वह्यांतली संख्या वेगळी. बेरीज करत नाही. अध्यक्षांना बेरीज हवी आहे, कारण आकडा मोठा दिसतो. बघू.

दप्तरीसाहेब, फोटो काढले पण शाई पार उडालीय, प्रत्यक्षच बघावी लागेल. येत्या रविवारी लालबागला येणं जमेल का? पत्ता व्यनि करतो. ट्रंकेची किल्ली खोलीवरच्या काकांकडे असते आणि ते दुपारी झोपतात, तेव्हा चारच्या आधी नको.