मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या भाचीसाठी मराठी पुस्तकं

नमस्कार मंडळी,
माझी भाची इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. मराठी छान बोलते, पण वाचताना जोडाक्षरांपाशी अडते आणि पुस्तक मिटून ठेवते. मला मनापासून वाटतं की तिला मराठी वाचनाची गोडी लागावी.

मला ती लागली 'किशोर'मुळे. बालभारतीचं हे मासिक १९७१ साली सुरू झालं. आमच्या शाळेच्या कपाटात त्याचे जुने अंक होते, मधल्या सुट्टीत डबा एका हाताने खात दुसऱ्या हाताने पानं उलटायचो. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भेटला. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल, ते 'ट्टॉक्'! एक पुस्तक संपलं की त्याच संध्याकाळी दुसरं आणायला वाचनालयात पळत जायचो.

भाचीला फास्टर फेणे वाचून दाखवला तर ती रंगून ऐकते. स्वतः वाचायला मात्र तिला तो जड जातो. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'मधली पुस्तकं तिने आनंदाने वाचली, पण आता ती तिला 'छोट्या मुलांची' वाटतात. या दोन्हींच्या मधलं काय द्यावं? मोठा टाईप, छोटी प्रकरणं, भरपूर चित्रं आणि थोडं रहस्य असेल तर उत्तम. तात्पर्य सांगणाऱ्या गोष्टी नकोत, त्यांना ती लगेच कंटाळते.

तुमच्या मुलांनी आपणहून, कुणी मागे न लागता वाचलेलं पहिलं मराठी पुस्तक कोणतं? तेव्हा त्यांचं वय किती होतं, तेही कृपया सांगा. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे येतेय, त्याआधी पुस्तकं आणून ठेवायची आहेत.